जंतू नक्की कशाने मेले, तेही छापा

महोदय,

कडुनिंबाच्या किंवा तुळशीच्या अर्कापासून केलेल्या चांदीच्या नॅनोकणांनी (अतिसूक्ष्म कणांनी) जंतू मारले, कर्करोगाच्या पेशीही मारल्या, अशा बातम्या वरचेवर येतात. हे संशोधन खरे आणि महत्त्वाचे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कडुनिंबाच्या पानांपासून चांदीचे व सोन्याचे नॅनोकण केल्याचा शोधनिबंध 2004 साली प्रसिद्ध झाला. पण परीक्षानळीत जंतू मेले म्हणजे औषध सापडले, असा अर्थ वाचक काढतात, तो चुकीचा आहे.

कृती सोपी आहे. दहा ग्रॅम धुतलेली पाने 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये पंधरा-वीस मिनिटे उकळून गाळायची. 100 मिली पाण्यात 17 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवले की 1 मिलिमोलर तीव्रतेचे (लिटरमागे एक सहस्रांश मोल) द्रावण होते. त्याच्या 90 मिलीत 10 मिली अर्क घातला की पानांतील पॉलिफेनॉल वगैरे घटक चांदीच्या आयनांचे (विद्युतभारित अणूंचे) क्षपण करतात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातूचे कण बनवतात, आणि रंग पिवळसर तपकिरी होतो. इथेच अनेकांची फसगत होते. नळाचे पाणी वापरले तर त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गढूळपणा येतो, आणि उजेडात तोही काळवंडतो. नुसता अर्कसुद्धा ठेवल्यावर गडद होतो. म्हणून रंगावर न थांबता स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, हे मोजणाऱ्या यंत्रावर) 400 ते 450 नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचे शिखर दिसते का, हे पाहावेच लागते. शिखर पसरट झाले किंवा लांब तरंगलांबीकडे सरकले, तर कण मोठे झाल्याची किंवा एकमेकांना चिकटल्याची शंका घ्यावी.

खरी मेख पुढे आहे. सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून कण तळाशी बसवून) ते नीट धुतले नाहीत, तर न बदललेले चांदीचे आयन मागे राहतात, आणि ते स्वतःच जंतुनाशक असतात. नुसता अर्क, नुसते सिल्व्हर नायट्रेट आणि कण तळाशी बसल्यावर वर उरलेले पाणी, या तिघांची वेगळी चाचणी नसेल तर श्रेय कुणाला द्यायचे? अगारवर (जंतू वाढवण्याच्या जेलीवर) जंतू न वाढलेल्या वर्तुळाच्या व्यासावरूनही तुलना करू नये, कारण आयन अगारमध्ये सहज पसरतात, कण तितके पसरत नाहीत. पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून ठरवणाऱ्या एमटीटी चाचणीत तर अर्कातले पॉलिफेनॉल स्वतःच रंग आणतात. शिवाय निरोगी पेशींवर तोच डोस दिला होता का, हे बातमीत क्वचितच असते.

पाने कोणत्या ऋतूतली, कोवळी की जून, यावर अर्क बदलतो आणि कणांचा आकारही. दर खेपेला तेच औषध बनेल, ही खात्री त्यामुळेच अवघड आहे. नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने 2019 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली आहेत, ती पार केल्याशिवाय रुग्णापर्यंत जायचे नाही.

घरी असे पाणी करून पिणे तर मुळीच नको. चांदी दीर्घकाळ पोटात गेल्यास त्वचा निळसर-राखाडी पडते, आणि तो रंग सहसा जात नाही. अशा प्रत्येक बातमीत प्रयोग परीक्षानळीतला, प्राण्यांवरचा की माणसांवरचा, एवढा एक शब्द तरी मथळ्याखाली छापावा, ही विनंती.

— रसायनशास्त्राचे एक अध्यापक, कोल्हापूर