फणसाची फांदी जळणात देऊ नका

फोंडा, रविवार
मृगाचा पाऊस, सकाळपासून वीज नाही

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. बाबांना फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई आपल्या मनाचं घालून सांगते, म्हणून पत्र. आईने मोठ्याने वाचावं. आणि जिथे तिच्याविषयी लिहिलंय तो भाग गाळू नये.

आधी कामाचं. परवा आई म्हणाली की परसातल्या काप्या फणसाची मोठी फांदी वाऱ्याने मोडून पडली आणि शेजारून जळणासाठी विचारणा झाली आहे. कृपा करून देऊ नका. मला ती हवी आहे. कशाला, ते सांगायचं तर आधी एक कबुली द्यावी लागेल.

एप्रिलमध्ये माझ्या उजव्या अंगठ्याला दोन टाके पडले. विळीवर कैरी चिरताना लागलं असं मी सांगितलं, ते खोटं. मी लाकूड कोरत होते. डिसेंबरपासून कोरते आहे. बाबा म्हणणार, "मामलेदार कचेरीत जन्म गेला माझा, आपल्या घरात पटाशी कोणी हातात धरली नाही, हे काय नवीन?" नवीनच आहे. शाळेतून आल्यावर वह्या तपासायच्या आणि मग झोप येईपर्यंत फोन चाळत बसायचं, याचा मला वीट आला होता. दुसरं मोठं कारण काही नाही.

सुरुवात चुकीचीच केली. इंटरनेटवर बारा पटाश्यांचा एक स्वस्त संच दिसला, लाकडी मुठी, कापडी गुंडाळीत छान मांडलेल्या. बारा मिळताहेत तर बारा घ्याव्यात, असं वाटलं. त्यांचं पोलाद इतकं मऊ की सागाच्या तुकड्यावर दहा मिनिटांत धार दुमडली. त्यात साग घेतला ही दुसरी चूक. आपल्याला साग म्हणजे लाकडांचा राजा. पण सागात बारीक वाळूसारखं सिलिका असतं, ते चांगल्या हत्याराचीही धार खातं. नवशिक्याने सागाच्या वाटेला जाऊ नये.

इथे पोफळीच्या कुळागरांच्या बाजूला एक वयस्क सुतार, मेस्त, आहेत, देव्हारे आणि मखरं करतात. त्यांच्याकडे एका रविवारी माझा संच घेऊन गेले. त्यांनी एकेक पटाशी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली, सगळ्या गुंडाळल्या आणि म्हणाले, "ह्या राहू देत. एक सुरी घे. आणि शिवण घे." एवढंच. मग मी स्वीडनची मोरा १२० ही सुरी मागवली. पातं जेमतेम सहा सेंटिमीटरचं, आईच्या कांदे चिरायच्या सुरीहूनही आखूड. शिवणीचा ठोकळा त्यांनीच दिला, फिकट, साबणाच्या वडीसारखा. शिवण मऊ असते, एकसारखी कापली जाते आणि एकदा सुकली की फारशी वाकत नाही. बाहेरच्या देशांत नवशिक्यांना बासवूड देतात, आपल्याकडे ते काम शिवण करते.

आता अंगठ्याचं. आई, तू बटाटा सोलतेस तसा एक काप असतो. लाकूड डाव्या हातात, सुरी उजव्या हातात आणि सुरी त्याच हाताच्या अंगठ्याकडे ओढायची. बटाटा मऊ असतो म्हणून तुला कधी काही झालं नाही. माझी सुरी त्या दिवशी बोथट होती, म्हणून मी जोर लावला, आणि जोर लावलेली सुरी सुटली की थांबत नाही. धारदार सुरीला जोरच लागत नाही, म्हणून खरं तर ती कमी धोक्याची. हे मला आधीही माहीत होतं, पण टाके पडल्यावर पटलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे, अंगठा वाकतो, खडू धरता येतो. आता हातात न कापला जाणारा हातमोजा असतो. सुरी घसरली तर तो अडवतो, मात्र टोक खुपसलं तर अडवत नाही, म्हणून टोकासमोर हात ठेवत नाही. आणि लाकूड मांडीवर ठेवून कोरत नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. कोपरं गुडघ्यांवर टेकवायची, लाकूड गुडघ्यांच्या पुढे धरायचं. आई, इथे थांबून "बघितलंत?" म्हणू नकोस, पुढे वाच.

पहिला महिना निव्वळ धार लावण्यात गेला म्हटलं तरी चालेल. बाबा, तुमच्या लहानपणी न्हावी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवायचा ना, तेच. फळीला चामड्याचा तुकडा चिकटवायचा, त्यावर पॉलिशची हिरवी वडी घासायची आणि सुरी पाठीकडून ओढायची. धार कधीही पुढे नाही, नाहीतर चामडंच कापलं जातं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दहा-बारा हात. दगड मग क्वचितच लागतो. धार आली की नाही हे पाहायची मेस्तांची रीत मला फार आवडली. शिवणीच्या तुकड्याच्या टोकाला तंतूंच्या रेषेच्या आडवं कापायचं. काप चकाकला तर धार आहे. त्या चकाकीत पांढरी रेघ दिसली तर पात्यावर तेवढ्याच जागी खाच आहे. डोळ्यांना न दिसणारी खाच लाकूड दाखवतं! मी आता शाळेतल्या पेन्सिलीसुद्धा अशाच तपासते, मुलं हसतात.

लाकडाच्या रेषेचं कोडं मात्र महिनाभर सुटत नव्हतं. एका बाजूने सुरी लोण्यातून जावी तशी जायची, दुसऱ्या बाजूने खोल घुसून लाकूड उपटायची. मी लाकडाला दोष देत होते. मग एका रविवारी मासळी साफ करताना डोक्यात उजेड पडला. खवलं काढताना आपण शेपटीकडून डोक्याकडे सुरी ओढतो म्हणून ती उठतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर अंग गुळगुळीत. लाकडाचे तंतूही असेच एका दिशेला निजलेले असतात, आणि वळणावर ती दिशा बदलते. म्हणून उंचावरून सखलाकडे कापायचं. चमच्याच्या मानेचा खळगा करायचा तर दोन्ही बाजूंनी उतरत यायचं आणि तळाशी भेटायचं. एका बाजूने उतरून तसंच दुसरीकडे चढलं की ढलपी उपटलीच म्हणून समजा. मेस्तांना मासळीचं सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या हातातला तुकडा उलटा फिरवून दिला.

आतापर्यंत काय काय केलं? पहिला चमचा वल्ह्यासारखा झाला. दुसऱ्याला वाटी बरी जमली, म्हणून आणखी थोडं, आणखी थोडं करत गोल पटाशी चालवत राहिले आणि तळाला भोक पडलं. वाटी कोरताना अधूनमधून चिमटीत धरून जाडी बघायची असते, ते राहिलं. आता तो खिडकीशी टांगलाय, त्यातून ऊन येतं. तिसरा आईसाठी. आमटीचा डाव. दांडा जरा जाड आहे, पण आमटी सांडत नाही, पाहिलं करून.

आई, तू लगेच म्हणशील, खोबरेल लाव. नको. खोबरेल लाकडात सुकत नाही, ओलसर राहतं आणि पुढे खवट वास येतो. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून ते लावते. पण खायचं कच्चं जवस तेल. रंगाच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' तेलात बहुधा लवकर सुकवणारी रसायनं मिसळलेली असतात, ती ताटात नकोत. आणि हे नीट ऐका, कारण डाव घरी आला की तुम्हीही त्याला तेल लावाल. जवस तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाही. तेल सुकताना गरम होतं, आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून टाका.

हात चालू लागल्यापासून डोळे बदलले आहेत. बांदिवड्याच्या महालक्ष्मीला आपण किती वेळा गेलो, पण सभामंडपातल्या विष्णूच्या लाकडी मूर्ती मी आधी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. आता दर्शन झालं तरी मान वर करून उभी असते, कुठे कडेने सरळ काप देऊन मागची जमीन खाली नेली आहे, कुठे वस्त्राची चुणी एका गोल पटाशीच्या एकाच फटक्यात आली आहे, ते शोधत. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथेही गेले होते. १५६७ मध्ये गोव्याच्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती पूजेच्या वस्तू करून घ्यायला मनाई केली. मनाई करावी लागली याचाच अर्थ, कामं त्यांच्याकडेच जात होती. इतिहास शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी म्हणते. यंदा पहिल्यांदा ते म्हणताना मला हात दिसले. तुम्हाला चवथीनंतर तिथे घेऊन जाईन. आईच्या गुडघ्यांसाठी सावकाश जाऊ.

आता फणसाकडे येते. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंजर्द असतं आणि वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की तांबूस तपकिरी होत जातं. दक्षिणेत मृदंगाचं खोड फणसाचं करतात, बाबांना भजनी मंडळामुळे हे ठाऊक असेलच. शिवणीपेक्षा ते कठीण, पण ओलं असताना कोरलं तर हातात येतं. चीक चिकटतो, पण त्यावरचा उपाय आईकडेच आहे. फणस कापताना हाताला आणि सुरीला लावतो ते खोबरेल. तिथे मात्र ते हवं!

तर बाबा, एवढं करा. स्वतः काही उचलू नका, गडी बोलवा. फांदीचे हातभर लांबीचे तुकडे करवून घ्या. जिथे फांदी वाकली आहे तो तुकडा मुळीच कापू नका, तो मला सर्वांत जास्त हवा आहे. वाकड्या फांदीतला डाव मजबूत होतो, कारण तंतू वाकाबरोबर वळतात, सरळ लाकडातून कापलेल्या डावासारखे मानेपाशी तुटत नाहीत. जाड तुकडे मधोमध उभे फोडा. अख्खा ओंडका सुकताना चिरणारच, कारण लाकूड वर्तुळाच्या कडेने जास्त आकसतं आणि आत गाभ्याच्या दिशेने त्याच्या साधारण निम्मंच. अर्धा फोडला की ताण सुटतो. मग दोन्ही टोकांना जाड मेण किंवा घरात उरलेला ऑइल पेंट लावा. पाणी टोकांतून फार वेगाने बाहेर पडतं, त्यामुळे चिरा टोकांतूनच सुरू होतात. सालही काढून टाका, सालीखाली कीड लपते. बाहेरच्या पांढरट भागात तिचं खाणं असतं, पिवळा गाभा ती सहसा सोडते. आणि तुकडे जमिनीवर नको, वाळवी. गोठ्याच्या पडवीत दोन पट्ट्यांवर, मधून वारा खेळेल असे रचा. उन्हात मुळीच नाही.

इंचभर जाडीला एक वर्ष, असा ढोबळ हिशोब लोक सांगतात, पण आपल्या पावसाळ्यात हिशोब चालत नाही. आपल्या देवघराचं दार जूनमध्ये फुगून बसतं आणि जानेवारीत सैल होतं, तसंच हे लाकूडही वर्षभर हलत राहणार. वाकडा तुकडा मात्र सुकू द्यायचा नाही, ओल्या गोणपाटात गुंडाळून नळाजवळ ठेवा. मी पुढच्या शनिवारी येते, त्याच दिवशी कोरायला घेते. बुरशी आली तरी घाबरू नका, वरची ढलपी काढली की जाते.

आई, तुझ्याकडे तो जुना करवंटीचा दवला आहे ना, ज्याचा दांडा तू स्वतः बदललास? त्याच्या दांड्याची लांबी दोऱ्याने मोजून ठेव. तुझ्या हाताला तोच बसतो, मला तेवढाच करायचा आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतली तुझी लाकडी फळंही माळ्यावरून काढून ठेवशील का? त्यातल्या सीताफळाचा रंग उडालाय, आतलं लाकूड कोणतं आहे ते मला बघायचं आहे.

पाऊस वाढला, वीज अजून आली नाही. पोस्टाची पेटी दुकानापाशी आहे, छत्री घेऊन जाते.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, तुमचा तपकिरी चामडी पट्टा कपाटातून गेला आणि तुम्ही अजून आईला बोलता. तिला बोलू नका. तो माझ्या टेबलावर फळीला चिकटवलेला आहे, बकल तेवढं काढून ठेवलंय, शनिवारी आणते.