सायकलच्या सीटखाली सुटा हँगर बांधून देणाऱ्या मेकॅनिक काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आमचा सायकलवाल्यांचा गट पुण्याहून वेंगुर्ल्याला सुखरूप पोचला हे फोनवर कळवलंच होतं. पण फोनवर तुम्ही "बरं झालं" म्हणता आणि ठेवून देता. आभार मानायला जागाच ठेवत नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

पुण्याहून सातारा, कोल्हापूर असा जुना बंगळूर रस्ता, पुढे आजऱ्यावरून आंबोली आणि खाली सावंतवाडी, वेंगुर्ला असा बेत होता. सोबत सामानाची गाडी. सायकली आधी एका एसी शोरूममध्ये 'फुल सर्व्हिस'ला दिल्या होत्या. तिथून त्या धुऊन-पुसून, पॉलिश होऊन आल्या. सोबत एक छापील यादी होती आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. त्या यादीत 'सीलंट: ओके' लिहिलं होतं, म्हणजे टायरमधलं छिद्र आपोआप बुजवणारं द्रव ठीक आहे. तुमच्याकडे आणल्यावर तुम्ही चाक काढलंत, कानाशी धरून हलवलंत आणि म्हणालात, "आत काही नाही, वाळून गेलंय." 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरला साधारण 60 मिली सीलंट लागतं आणि आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, चाक हलवायची इच्छा लागते. चेनचंही तेच. 11 गिअरची चेन 0.5 टक्के ताणली की बदलायची, नाहीतर ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचे, दात खाऊन टाकते. ताण मोजायचं गेज टाकलं तर ती 0.75 च्याही पुढे गेलेली. यादीत तिथेही खूण होतीच!

मार्ग ऐकल्यावर तुम्ही चढाचं काही विचारलं नाहीत, उताराचं विचारलंत. वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल याच वाटेने वर बेळगावकडे जायचा आणि आंबोली हा त्यावरचा मुक्काम. घाटाची आखणी बैलगाडीला झेपेल अशी. त्यामुळे उतार कुठेच अंगावर येत नाही, पण लवकर संपतही नाही. सुमारे 690 मीटर उंचीवरून सावंतवाडीकडे येताना माणूस नकळत ब्रेक हलकासा दाबूनच ठेवतो. त्यात सायकलवर सामान. सतत घासून पॅड तापतं, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग लिव्हर कितीही आवळा, सायकल थांबायचं नाव घेत नाही. शोरूमने दोघांना ब्रेकचे मेटल पॅड बसवून दिले होते, का तर महाग म्हणजे चांगले. ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे पॅड जिला धरतं त्या चकतीवर, 'फक्त रेझिन पॅड' (मऊ पॅड) असं बारीक अक्षरांत कोरलेलं तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाचून दाखवलंत. त्या मऊ डिस्कवर मेटल पॅड लावले तर डिस्कच झिजते. तुम्ही नवे रेझिन पॅड घातलेत आणि सगळ्यांना गल्लीत पिटाळलंत. ताशी 20-25 चा वेग घ्यायचा, चालण्याच्या वेगापर्यंत दाबायचं, पण पूर्ण थांबायचं नाही. असं वीसेक वेळा. नवं पॅड असं बसवून घेतल्याशिवाय नीट धरत नाही. घाटात लागेल तेव्हा जोरात दाबा आणि पूर्ण सोडा, हेही तेव्हाच बजावलंत.

सामान भरूनच सायकल आणा, हा तुमचा हट्ट आम्हाला आधी जाच वाटला. पण हँडलची बॅग भरल्यावरच कळतं की ती ब्रेकचा पाइप दुमडतेय. सीटबॅगमध्ये जड वस्तू टोकाला असली की ती शेपटीसारखी डोलते, आणि लहान फ्रेम असेल तर भरलेली बॅग खड्ड्यात टायरला घासते. जड सामान सीटच्या दांडीला चिकटून, टायर आणि बॅग यांत चार बोटं जागा, पट्टा घासेल तिथे फ्रेमला टेप. तासाभरात सगळ्यांच्या बॅगा उलट्यासुलट्या झाल्या.

पण हे पत्र खरं हँगरसाठी आहे. हँगर म्हणजे मागचा डीरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) फ्रेमला जिथे लटकतो तो अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दामच मऊ असतो, फ्रेमऐवजी त्यानेच वाकावं म्हणून. आणि जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा वेगळा. गाडीच्या खोक्यात ट्यूब, पंप, 9, 10, 11 गिअरच्या चेनचे वेगवेगळे जोड, केळी, ओआरएस, पाण्याचे जार सगळं होतं. 'मागे गाडी आहे' म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. तुम्ही विचारलंत, "गाडी वीस किलोमीटर पुढे आणि घाटात रेंज नाही, मग?" मग प्रत्येक सायकलचा हँगर मागवलात, जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळलात, त्याचे दोन बारीक स्क्रू आत टाकलेत, सीटच्या दांडीला पांढऱ्या चिकटपट्टीने बांधलात आणि वर निळ्या बॉलपेनने ज्याचं त्याचं नाव लिहिलंत. हे कुणीच सांगितलं नव्हतं. आजऱ्याच्या पुढे एक उभी सायकल उजव्या अंगावर पडली, हँगर वाकला, डीरेलर स्पोकांना टेकला. तसंच पेडल मारलं असतं तर स्पोक, डीरेलर आणि चाक एका फटक्यात गेलं असतं. पट्टी सोडली, हँगर बदलला, चहा गार व्हायच्या आत सायकल चालू.

काका, एकाला नवी चाकं घ्यायची हौस आली होती. त्याला तुम्ही "ही रिम अजून दोन वर्षं जाईल, पैसे ठेव" म्हणून परत पाठवलंत. गिऱ्हाईक स्वतःहून खिशात हात घालत असताना असं म्हणणारी माणसं आहेत अजून, आणि ती बोळातल्या दुकानात ग्रीस लागलेल्या हातांनी बसलेली असतात. मोठमोठ्या पाट्यांखाली आम्हाला तरी भेटली नाहीत.

उरलेले हँगर आम्ही काढलेले नाहीत, तिथेच राहणार आहेत. पण त्यांचे पैसे तुम्ही बिलात लावलेच नाहीत, हे हिशेब करताना लक्षात आलं. रविवारी दुकान उघडायच्या वेळेला सगळे येतोय. "राहू दे रे" चालणार नाही.

आपला,
सायकलवाल्या पोरापोरींचा गट