भिल्ल पलटण आणि खाज्या नाईक एकाच दालनात हवेत

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : खानदेशातील पोलीस इतिहासाचे संग्रहालय धरणगाव येथे उभारण्याबाबत.

महोदय,

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, परंतु डोंगरांतील भिल्लांना केवळ फौजेच्या बळावर नमवणे त्यांना पुढची सात वर्षे साधले नाही. अखेर एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२५ मध्ये, जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारण्यास सुरुवात केली आणि तिचे मुख्य ठाणे धरणगावी झाले. ज्यांच्यामुळे रस्ते असुरक्षित ठरवले गेले होते, त्यांच्याच हाती रस्त्यांची राखण सोपवण्याचा हा प्रयोग होता. १८९१ मध्ये ही पलटण जिल्हा पोलिसांत सामील झाली, त्यामुळे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार पोलीस दलांच्या पूर्वजांत तिची गणना करावी लागते. या इतिहासाचे संग्रहालय धरणगावातच व्हावे, अशी माझी मागणी आहे.

मात्र ते केवळ जुन्या बंदुका, पदके आणि अधिकाऱ्यांच्या तसबिरी यांचे दालन होऊ नये. (तसबिरी लावणे सोपे असते, म्हणून ही भीती.) मुंबई-आग्रा मार्गावरील सेंधवा घाटाची राखण करणारे खाज्या नाईक हे इंग्रजांच्याच नोकरीत होते. त्यांच्या मारहाणीत एक संशयित दगावल्याने ते तुरुंगात गेले, आणि १८५७ मध्ये त्याच सरकारविरुद्ध उठले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. पलटणीतला शिपाई आणि घाटावरचा हा बंडखोर नाईक यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, तर पाहणाऱ्याला दोघांपैकी कोणीच नीट कळणार नाही. पोलिसांच्या संग्रहालयात बंडखोराला जागा कशाला, असे कोणी विचारील. तोही एके काळी राखणदारच होता, हे त्याचे उत्तर.

गावपातळीवरचा जागल्याही येथे यायला हवा. रात्री गस्त घालणारा, पाऊलखुणांवरून माग काढणारा हा माणूस ठाण्याच्या कागदांत क्वचितच नावाने येतो. पोलीस पाटलाची परंपराही अशीच, आणि ती १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमान्वये आजही चालू आहे. त्याचबरोबर, ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा १९५२ पर्यंत लागू होता, त्यांची हजेरीपुस्तके कोठे उरली असतील, तर तीही मांडावीत.

इमारतीला वेळ लागेल, हे मी समजू शकतो. कागद मात्र तेवढे थांबणार नाहीत. मुदत संपलेल्या दप्तराचे निर्लेखन नियमाने होते, आणि त्या गठ्ठ्यांत मोडीतील एखादी नोंदवही गेली तर ती पुन्हा मिळणार नाही. म्हणून तिन्ही जिल्ह्यांतील ठाण्यांमधील १९५० पूर्वीचे दप्तर नष्ट करण्यास तूर्त स्थगिती द्यावी आणि मोडी जाणणाऱ्यांकडून त्याची यादी करून घ्यावी. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ जवळच आहे. त्यांचा सल्ला घेता येईल.

स्थगितीचा आदेश या महिन्यातच निघावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
धरणगाव तालुक्यातील एक नागरिक