तुम्ही फरशीवर बसलात

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

आज पहाटे आमची मांजर ठमी माझ्या पोटावर येऊन बसली आणि कणीक तिंबावी तसे दोन्ही पंजे एकाआड एक चालवायला लागली. तिच्या ऑपरेशनचे टाके काढून आठ दिवस झाले, पण हे तिने आज पहिल्यांदा केलं. मी हललो नाही. गजर वाजून बंद झाला, चहा राहिला, कामावर जायला उशीर झाला. आणि पडल्यापडल्या ठरवलं की हे पत्र आता लिहायचंच. त्या रात्री तुमच्यासमोर मला धड ‘आभारी आहे’ एवढंही म्हणता आलं नव्हतं. उघडं पत्र लिहितोय, कारण ज्यांच्या घरात मांजर आहे आणि सुई-दोरासुद्धा आहे, त्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या घरातली संध्याकाळ तुम्हाला सांगायला हवी, म्हणजे काय हरवायच्या बेतात होतं ते कळेल. कामावरून आलो की मी भाजी चिरायला घेतो आणि ठमी ओट्याखाली शेपूट पायांभोवती गुंडाळून बसते. भाजीत तिला काडीचा रस नाही. पातेल्यात कोंबडी उकडायला टाकली, तरच ती उठते आणि माझ्या पोटरीला डोकं घासते. तिचा वाटा मी आधीच बाजूला काढतो, मीठ, कांदा, लसूण पडायच्या आत. जेवण उरकलं की मी गोधडी शिवायला बसतो. आईकडून शिकलेलं हे एकच काम मला नीट येतं. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडायचे आणि त्यावर धावदोऱ्याच्या ओळी घालत जायच्या. ठमी बरोबर त्या तुकड्यावर येऊन बसते जो मला पुढे हवा असतो. अशी चार वर्षं गेली.

दोऱ्याचं टोक हललं की तिच्या डोळ्यांतली बाहुली मोठ्ठी व्हायची. मला ते खेळणं वाटायचं. कितीतरी वेळा मीच दोरा नाचवलाय तिच्यापुढे. तिची जीभ खरखरीत आहे हे हात चाटला की कळायचंच. पण त्या जिभेवरचे बारीक काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, आणि त्यामुळे तोंडात गेलेला दोरा मांजराला सहज थुंकता येत नाही, गिळतच जावा लागतो, हे मला तुमच्याकडे येईपर्यंत माहीत नव्हतं.

मग एके सकाळी तिने उलटी केली. दुपारी पुन्हा. संध्याकाळी कोंबडी शिजली तरी ती पलंगाखालून बाहेर आली नाही. तेव्हाच पोटात गोळा आला माझ्या.

तुमच्या आधी आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. नावं घेत नाही, पण जे झालं ते सांगणार. पहिल्या ठिकाणी तिला बास्केटमधून बाहेरसुद्धा काढलं नाही. जाळीतून एकदा पाहिलं, ‘घुरघुरतेय ना, मग काही नाही, पोटात केसांचा गोळा असेल’ म्हणाले आणि एक ट्यूब लिहून दिली. मी दोन दिवस त्या घुरघुरीवर विश्वास ठेवला. मांजर सुखात असलं की घुरघुरतं, तसं दुखत असलं, घाबरलं असलं तरीही घुरघुरतं. आम्हा घरच्या माणसांना हे ठाऊक नसेल तर समजू शकतो. पण ज्यांचं कामच ते आहे, त्यांना?

दुसऱ्या ठिकाणी तिला मानगुटीला धरून उचललं आणि त्या गार स्टीलच्या टेबलावर दाबून ठेवलं. ती फिसकारली, बोचकारली. तोंड उघडून बघायचा प्रयत्न झाला, पण चौघांनी धरल्यावर कोणतं मांजर तोंड उघडेल? ‘फार चिडकं मांजर आहे, आधी माणसाळवा आणि मग आणा’ हे शब्द मला अजून ऐकू येतात. डॉक्टर, हे मांजर रोज माझ्या उशीवर झोपतं. तीन दिवस अन्न पोटात ठरत नव्हतं तिच्या, आणि चिडकेपणाचा शिक्का तेवढा मिळाला. त्यातच ओळखीच्या एका बाईंनी माणसांची तापाची अर्धी गोळी द्यायला सांगितली होती. दिली नाही, नशीब. पॅरासिटामॉलने मांजराचा जीव जाऊ शकतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझे हात गार पडले.

तुमच्याकडे पोचलो तेव्हा दवाखाना बंद व्हायची वेळ झाली होती. तुम्ही दिवसभराचे थकलेले दिसत होता. मी बास्केट टेबलावर ठेवायला गेलो तर तुम्ही म्हणालात, ‘नको, खाली ठेवा.’ आणि तुम्ही स्वतः फरशीवर बसलात. मांडी घालून. मदतनीस खुर्ची सरकवत होता, त्यालाही हातानेच नको म्हणालात. दिवा थोडा कमी करायला सांगितलात. मग बास्केटच्या क्लिपा एकेक करून काढल्यात, आवाज न होऊ देता, आणि वरचा अर्धा भाग उचलून बाजूला ठेवलात. ठमी खालच्या अर्ध्या भागात, तिच्या गोधडीच्या तुकड्यावरच राहिली. तिला कुणी ओढलं नाही, उचललं नाही.

आणि मग तुम्ही काहीच केलं नाहीत. तिच्याकडे पाठ नाही, पण तोंडही नाही, असे तिरके बसून राहिलात. माझ्याशी बोलत होता, हळू आवाजात. हात गुडघ्यावर, बोटं जरा तिच्या बाजूला. मला आठवतंय, मी मनात म्हणत होतो, लवकर करा, लवकर करा. आज कळतं की तिन्ही दवाखान्यांत लवकर करणारे तुम्हीच होता. थोड्या वेळाने तिने मान पुढे काढून तुमची बोटं हुंगली. तुम्ही तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटलेत, सावकाश उघडलेत. तिनेही मिटले. मी हे पाहिलं आहे, माझ्या डोळ्यांनी. नंतर वाचलं की इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली याचाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. माणसाने असे डोळे सावकाश मिटले की मांजरंही तशीच डोळे मिटून उत्तर देतात, आणि अशा माणसाजवळ जायला जास्त राजी होतात. तुम्हाला ते अभ्यासातून ठाऊक होतं की मांजरांकडून, मला माहीत नाही. ठमीला मात्र त्या क्षणी कळलं की हे माणूस बरं आहे.

मग तुम्ही तिच्या हनुवटीखाली अंगठा धरलात, दुसऱ्या हाताने तोंड उघडलंत, आणि अंगठ्याने खालून जीभ उचललीत. तिने उघडू दिलं! चार जणांना जे जमलं नव्हतं ते तिने तुम्हाला, माझ्यासमोर, बसल्या जागी करू दिलं. जिभेच्या मुळाशी एक निळी रेघ होती. माझा दोरा. अर्ध्या गोधडीवर अजून त्याच निळ्या दोऱ्याच्या ओळी आहेत.

मी हात पुढे केला, ओढून काढावा म्हणून. तुम्ही माझं मनगट धरलंत, घट्ट, पण रागाने नाही. विचारलंत, ‘तुम्ही शिवता ना? धावदोरा घातलेल्या कापडाचा दोरा एका बाजूने अडकवून ओढला, तर कापडाचं काय होतं?’ मी म्हणालो, चुण्या पडतात. ‘तिच्या आतड्याचं आत्ता तेच झालंय,’ तुम्ही म्हणालात. दोऱ्याचं एक टोक जिभेला अडकलंय, दुसरं पोटात पुढे गेलंय, आतडं त्याला पुढे ढकलू बघतंय आणि स्वतःच त्याच्यावर गोळा होतंय. ताणलेला दोरा आतड्याला आतून कापत जातो. ओढला तर फाटेलच. एवढं सोपं करून मला कुणी काही समजावलं नव्हतं, आणि तेही माझ्याच कामाच्या शब्दांत.

पुढचं फार लिहीत नाही. पोटाचे एक्स-रे काढले, सही घेतली, रात्री ऑपरेशन झालं. तुम्ही बाहेर येऊन मान हलवलीत आणि मी भिंतीला टेकलो.

त्यानंतर मी म्हणालो होतो, ‘चूक माझीच आहे.’ तुम्ही ते खोडूनही काढलं नाहीत आणि उगाळलंही नाहीत. ‘आता घरातला दोरा कुठे ठेवणार ते ठरवा,’ इतकंच म्हणालात. त्या रात्री मला कुणी ‘तुमची काही चूक नाही’ म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. कुणी रागावलं असतं तर कोसळलो असतो. तुम्ही मला करण्यासारखं काहीतरी दिलंत.

मी बरेच दिवस विचार करतोय की त्या संध्याकाळचं नेमकं काय मनात रुतून बसलंय. तुमचं शिक्षण, तुमचा हात, ऑपरेशन, या सगळ्यांनी ती वाचली, हे उघड आहे. पण डोळे मिटले की मला दिसते ती तुमची फरशीवरची मांडी. पांढऱ्या कोटाला धूळ लागली होती. आपण ज्याच्याशी बोलतो त्याच्या उंचीला येऊन बोलणं, हे किती थोडी माणसं करतात. शाळेत आमच्या एक बाई होत्या, गणित चुकलं की बाकाशेजारी उकिडव्या बसून समजवायच्या. बाकीचे फळ्याजवळून ओरडायचे. आई आजारी असताना रात्रपाळीची एक परिचारिका पलंगाच्या कडेला टेकून तिच्याशी दोन वाक्यं बोलायची, मग सलाइन बघायची. या माणसांकडे इतरांपेक्षा जास्त वेळ होता असं मुळीच नाही. त्यांना समोरचा जीव दिसत होता. आणि जीव दिसला की आजारही दिसतो. ठमीच्या जिभेखालचा दोरा पहिल्या दोन्ही ठिकाणी तिथेच होता. तो बघायला कुणी खाली बसलं नाही, म्हणून तो दिसला नाही. मला राग आहे त्याचा, अजून आहे, आणि तो लपवावासा वाटत नाही.

घरी आल्यावर ती खाईना, तेव्हा रात्री तुम्हाला फोन केला होता. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि तेच एक नवं दुखणं होऊन बसतं, म्हणून वाट बघू नका, असं तुम्ही सांगितलंत. कुणी दूध-साखर सुचवत होतं. मांजराला गोड चव कळतच नाही आणि मोठ्या मांजरांना बहुधा दूध सोसत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. कोंबडी नुसत्या पाण्यात उकडली, कुसकरून त्याच पाण्यात अगदी मऊ केली. फ्रिजमधलं गार द्यायचं नाही, तिच्या अंगाइतकं कोमट, म्हणजे 38 अंशांच्या आसपास. कारण नाकाला वास आला तरच मांजर तोंड लावतं. तळहातावर घेऊन बघायचो, गरमही नाही आणि गारही नाही असं लागलं की बोटाच्या टोकावर घेऊन तिच्यापुढे धरायचो. पहिल्यांदा तिने हुंगून मान फिरवली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा जीभ बाहेर आली, ती खरखरीत जीभ, आणि बोट साफ झालं. मी स्वयंपाकघरात फरशीवरच बसलो होतो. तुमच्यासारखाच, मांडी घालून. तिथेच बसून रडलो.

आता घरात दोरा उघडा राहत नाही. रिळं, सुया, कापलेली टोकं, सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात जातं. शिवायला बसताना दोरा किती कापला ते मोजतो आणि उठताना टोकं मोजून डब्यात टाकतो. लोकरीचे गुंडे, रिबिनी, भेटवस्तूंवरच्या चकचकीत दोऱ्या, सगळ्यांना तोच डबा. ठमीला खेळायला मी जाड कापडाचा उंदीर शिवलाय, शेपूट नसलेला. तिला तो आवडतो. निदान तोंडात धरून पलंगाखाली नेते.

आणि शिवताना आता खोलीचं दार लावून घेतो. ती बाहेरून दार ओरबाडते, मग दाराच्या फटीतून एक पंजा आत घालून बसते. तो पंजा बघत बघत मी सध्या एक बसकर शिवतोय. चौकोनी, मांडी घालून बसता येईल एवढं, आत तीन पदर, कारण तुमची फरशी फार गार आहे, माझ्या लक्षात आहे. निळा दोरा वापरलेला नाही. तीन कडा झाल्या, चौथी उरलीय. पुढच्या आठवड्यात ठमीला तपासायला आणायचंय, तेव्हा घेऊन येतो. दवाखान्यात धुवायला सोपं जावं म्हणून वरचं कापड सुती घेतलंय. केस चिकटतील, पण झटकले की निघतील.

तुमचा,
ठमीच्या घरचा माणूस