आजारपणाचा कारभारी कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई ८७ वर्षांची आणि मी ६२ वर्षांची. म्हणजे सरकारदरबारी आम्ही दोघीही ज्येष्ठ नागरिक आहोत. भाऊ कॅनडात असतो, धाकटी बहीण बंगळुरूला. दोघेही मनाने चांगले आहेत, पैसे वेळेवर पाठवतात आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आईला ‘जेवलीस का’ असे न चुकता विचारतात. आमच्या घरी पैशाची ओढाताण नव्हती आणि मायेची तर नव्हतीच. तरीही गेल्या वर्षी आईचे हाल झाले. वृद्धांची आबाळ म्हटले की मुलांच्या कृतघ्नतेवर लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आबाळीचे दुसरेही एक कारण असते : घरच्या आजारपणाची घडी बसवून देणारे कोणी नसणे. ते मांडण्यासाठी हे पत्र.

आई रात्री दोनच्या सुमारास न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, सहाव्या दिवशी घरी सोडले, हातात डिस्चार्ज कार्ड आले आणि रुग्णालयाच्या लेखी प्रकरण संपले. कार्डावर ‘वॉकरच्या आधाराने चालणे’ असे लिहिले होते. वॉकर आमच्या न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही, हे तो विकत आणल्यावर कळले. पुढच्या तीन आठवड्यांत, घरी शुश्रूषेसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून चार मावशी आल्या. एकीला अंथरुणातल्या माणसाला कुशीवर कसे वळवायचे ते माहीत नव्हते, दुसरी सणाला म्हणून गावी गेली ती परतलीच नाही. आईच्या माकडहाडाजवळची कातडी लालसर दिसू लागली, तेव्हा ती अंथरुणातल्या जखमेची सुरुवात आहे, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. हाडाचे डॉक्टर हाडाचे पाहत होते, हृदयाचे हृदयाचे पाहत होते, फिजिओथेरपिस्ट अर्धा तास येऊन जात होते. या सगळ्यांना एकत्र जोडणारा दुवा म्हणजे मी, आणि मला यातले काहीच येत नव्हते.

अशा वेळी एका परिचितांनी केअर मॅनेजर म्हणून, म्हणजे घरच्या रुग्णाची सगळी शुश्रूषा आखून जुळवून देण्याचे काम करणाऱ्या एका बाईंचे नाव सुचवले. त्या समाजकार्याच्या पदवीधर आणि वृद्धरुग्णांमध्ये बरीच वर्षे काम केलेल्या. पहिल्या भेटीत त्यांनी आईच्या गोळ्यांचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला, प्रत्येक पट्टीमागचे बारीक अक्षर वाचले आणि दोन पट्ट्या माझ्यापुढे सरकवल्या. नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत औषध एकच : टेल्मिसार्टन, रक्तदाबाचे. एक हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलेले, दुसरे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी. आणि आई दोन्ही निमूटपणे घेत होती. उठताना तिला भोवळ येई ती वयामुळे, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती पडली ती यामुळेच, असे मी म्हणणार नाही, कारण डॉक्टरांनीही तसे ठामपणे सांगितले नाही; पण त्यांना विचारून एक गोळी बंद केल्यावर भोवळ थांबली, एवढे खरे.

त्यानंतर या बाईंनी जे केले ते ऐकायला किरकोळ वाटेल. न्हाणीघराचे दार टेपने मोजून वॉकरऐवजी खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवायला लावली. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता भिंतीवर चिकटवला आणि नव्या मावशींना ते काम स्वतः करून दाखवले. सगळ्या डॉक्टरांची औषधे एका कागदावर आणली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आईचा अंगठा यंत्रावर उमटेना (या वयात बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात), तेव्हा चेहऱ्यावरून ओळख पटवून मोबाइलवर दाखला निघतो, हेही त्यांनीच सांगितले. आणि एका रविवारी त्या व्हिडिओ कॉलवर बसून माझ्या भावंडांना म्हणाल्या, की तुमच्या ताईंना महिन्यातून चार दिवस पूर्ण सुट्टी लागेल, ती कशी द्यायची ते तुम्ही दोघांनी ठरवा. मला वर्षभर हे बोलता आले नव्हते. घरच्या माणसाने म्हटले तर ती तक्रार होते, बाहेरच्याने म्हटले की व्यवस्था.

मात्र याआधीचा अनुभव लपवणे बरे नाही. त्यापूर्वी केअर मॅनेजर याच नावाखाली काम करणाऱ्या एका संस्थेला आम्ही तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले होते. त्यांच्या ‘मॅनेजर’ने दिलेला प्रत्येक सल्ला कशाच्या तरी खरेदीपाशी येऊन थांबत असे : अमुक ठिकाणाहूनच खाट भाड्याने घ्या, तमुक लॅबमध्येच रक्त द्या. दलाली कुठे मुरते ते आम्हांला उशिरा उमगले. या नावाची पाटी लावायला आज शिक्षणाची अट नाही, नोंदणी नाही, तक्रार ऐकणारे कार्यालय नाही.

कायद्यांचा आधार शोधायला गेले, तर २००७चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा हाती येतो. मुले सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण दरमहा कमाल १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देववू शकते. सांभाळण्याची इच्छा आहे पण कसे ते कळत नाही, अशा मुलीला त्यात काही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या सुधारणा विधेयकात घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा विषय आला होता, पण ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेतून ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु ते संरक्षण मुख्यतः रुग्णालयातल्या दिवसांचे, आणि आमचे खरे आजारपण घरी आल्यावर सुरू झाले. जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आणला, तेव्हा प्रत्येक गरजू वृद्धाचा आराखडा करणारा परीक्षा उत्तीर्ण केअर मॅनेजर हा त्या व्यवस्थेचा मधला दुवाच मानला, आणि त्या आराखड्यासाठी वृद्धाकडून वेगळे पैसे घेतले जात नाहीत. तेवढी ऐपत आपल्याकडे आज नाही, हे मला कळते.

तरी तीन गोष्टींना फार पैसा लागणार नाही. राज्याने या कामाची पात्रता ठरवून नोंदणी सक्तीची करावी. ब्युरो, लॅब किंवा औषधविक्रेत्याकडून दलाली घेत असल्यास ती करारात लेखी सांगणे बंधनकारक असावे; माझ्या मते हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. आणि महापालिकेच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात निदान एक समाजकार्याचा पदवीधर वृद्धांच्या घरी जाऊन येण्यासाठी नेमावा, कारण ज्या बाईंनी आम्हांला सावरले त्यांची महिन्याची फी आम्ही तिघांनी वाटून भरली. आमच्याच सोसायटीत भांडी-धुणी करणाऱ्या ताईंच्या सासूबाईही गेल्या पावसाळ्यात अशाच पडल्या, त्यांच्याकडे कोण जाणार? मी आमच्या भिंतीवरचा तक्ता त्यांना उतरवून दिला. औषधांच्या पट्ट्या वाचून द्यायला मात्र मी धजावले नाही.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे