खाकीचे पीस आणि मशीन

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटी नाचत पुढे आली आणि तिच्या गुडघ्यावरचं ठिगळ तुम्हाला दिसलं. आई, तू बोलता बोलता थांबलीस, ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी खात्यात 5000 रुपये टाकले, "पोरांना कपडे घे" म्हणून. फोनवर यावर बोलायला गेले असते तर मला रडू आलं असतं, म्हणून लिहायला बसले. पैसे परत पाठवत नाही, तुमचं मन मोडायचं नाही मला. पण ते ठिगळ फाटलं म्हणून लावलेलं नाही. विजार नवी कोरी होती तेव्हाच लावलंय. मुलं गुडघे टेकूनच तण काढतात, गुडघ्यावर रांगतच कोंबड्यांची अंडी शोधतात. तिथे आधीच दुहेरी कापड असलं की विजार दोन वर्षं जाते. आणि बाबा, ते कापड तुमच्या कंपनीच्या खाकी शर्टाचं आहे. मागे एकदा मी पिशवीत घालून आणला होता तो.

आजऱ्याला आलो त्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही पुण्याचेच कपडे शेतात घातले. जीन्स मजबूत म्हणून भरवसा होता. भिजली की ती मांड्यांना चिकटते, चिखलातून पाय उचलवत नाही, आणि जुलैमध्ये इथे चार-चार दिवस वाळत नाही. वास मारायला लागली की पुन्हा धुवायची. मग ऑनलाइन 500 रुपयांत तीन ट्रॅकपँट मागवल्या. उसाच्या पाल्याच्या कडेला करवतीसारखे दात असतात, त्यांनी महिनाभरात सगळे धागे ओढून काढले. तेही चाललं असतं. पण एका संध्याकाळी थोरला चुलीपाशी बसला होता, लाकूड तडकलं आणि ठिणगी त्याच्या मांडीवर पडली. सुती कापड असतं तर तेवढंच जळून भोक पडलं असतं. ते पॉलिस्टर वितळलं आणि कातडीला चिकटलं. डाग अजून आहे. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, रागावू नका. त्या दिवसापासून चुलीजवळ आणि गुऱ्हाळात फक्त सुती, हा घरचा नियम आहे.

शेजारच्या आक्कांनी मला खरं शहाणपण दिलं. साडीवर त्या नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. इथल्या सगळ्याच बायका घालतात. पाला ओरबाडत नाही, ऊन लागत नाही, भाताची कूस अंगाला डसत नाही. मी नव्या कुर्त्यात भांगलायला गेले तेव्हा म्हणाल्या, "पोरी, नवं कापड आधी बाजाराचं, मग घरचं, मग रानाचं. एकदम रानात घातलं की त्याचं आयुष्यच संपलं बघ." आता आमच्याकडेही कपडा तसाच उतरत जातो. रानातून सुटला की ठिगळांना, मग वाकळेत, आणि अगदी शेवटी चुलीजवळचं पोतेरं.

नवं लागतं तेव्हा आम्ही इचलकरंजी गाठतो. कोल्हापूरला काही काम निघालं की तुमचे जावई आणि मी पुढे तिकडे जातो. नुसती मागांची खडखड ऐकायलाही मला आवडतं. तिथे कापड घ्यायला मी हळूहळू शिकले. स्वस्त कापडाला खळ भरपूर असते, त्यामुळे ते दुकानात जाड वाटतं आणि पहिल्या धुण्यात लुळं पडतं. म्हणून कोपरा नखाने चोळून पाहते. पांढरी भुकटी निघाली की ते दुकानातच परत ठेवते. मग उजेडासमोर धरते, वीण विरळ असली तर लगेच कळतं. विजारीला ड्रिलच घ्यायचं. त्याची वीण तिरकी असते, काटा अडकला तरी सरळ टरकन फाटत जात नाही. 58 इंची पन्ह्याचं सव्वा मीटर घेतलं की यांची एक विजार होते, कापड-शिलाई मिळून साडेपाचशेच्या आसपास. दुकानातली तयार पँट याहून स्वस्त मिळते, पण तिला आत दुमडच सोडलेली नसते.

घरी आणल्यावर कापड रात्रभर भिजवून, वाळवून, मगच शिवायला टाकते. एकदा घाईत तसंच दिलं होतं, यांची विजार घोट्याच्या वर आली. शिंप्याला सांगते, आसनाला डबल टीप मार, खिशांच्या कोपऱ्यांना पक्कं कर. तो चांगला माणूस आहे, पण लग्नसराईत आमच्या रानातल्या विजारींना त्याच्याकडे वेळ नसतो.

पावसाची काळजी करू नका. मुलांना डोक्यापाठीवरून घ्यायची खोळ आहे, आणि थंडीसाठी एक घोंगडं घेतलं, चिंचोक्याची खळ दिलेलं, इतकं ताठ की पहिल्या दिवशी कोपऱ्यात नुसतं उभं राहत होतं. महाग पडलं, पण लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. धाकटी सकाळी त्याच्यातून बाहेरच येत नाही.

आता मागणं मागते. बाबा, कंपनीतून दरवर्षी मिळायचे त्या खाकी ड्रिलचे न शिवलेले पीस तुमच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांत पडून असतील. तसं कापड आता मला कुठे मिळालं नाही, मी खूप शोधलं. ते मला द्या. आणि आई, तुझं मशीन. तू आता डोळ्यांमुळे बसत नाहीस, त्याच्यावर टीव्हीचा सेटटॉप बॉक्स ठेवलाय हे मला माहीत आहे. लोखंडी स्टँड राहू दे, इथे सुतार बनवून देईल. वरचं मशीन तेवढं पोत्यात गुंडाळून आणा.

पण मशीन एकटं नको, तू ये. आई, दर जूनला तू माझ्या शाळेच्या स्कर्टची दुमड सोडायचीस, आणि खाली एक गडद निळी पट्टी दिसायची, बाकीचा स्कर्ट विटलेला. सातवीत मला त्या पट्टीची फार लाज वाटायची, एकदा तुला उलट बोललेही होते. तू काही म्हणाली नाहीस, रात्री त्या पट्टीवर निळी फीत लावून दिलीस. ते बोलणं अजून माझ्या मनात टोचतं. मला सरळ शिवता येतं, पण बेतता येत नाही. कापड कमी असताना कुठली बाजू कुठे लावायची, ते तुझ्या हातात आहे, आणि ते मला तुझ्याकडूनच शिकायचंय.

दिवाळीनंतर सुगी उरकते, तेव्हा या. हवा छान असते, घनसाळचा नवा तांदूळही असेल. गडहिंग्लजला उतरा, हे गाडी घेऊन येतील.

तोवर पीस काढून ठेवशील म्हणून मापं देते. थोरल्याची कंबर 23, उंची 31. धाकटीची कंबर 21, उंची 24. दोघांच्याही विजारींना खाली चार इंच दुमड ठेवायची आहे.

तुमची,
बबी