पांगारा पाडू नका

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की परसातल्या वाळलेल्या पांगाऱ्याला कीड लागलीय, फांदीला भोक पडलंय, आता माणूस बोलावून पाडूनच टाकतो. तुम्ही पाठवलेला फोटो मी रात्री मोठा करून कितीदा तरी पाहिला. ती कीड नाही, बाबा. कंपासने आखल्यासारखं गोल भोक, तेही तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत शिरू नये असं. आणि बुंध्याशी ताजा भुसा सांडलाय. तो तांबट आहे. आई, दुपारभर तुला जो टुक् टुक् टुक् असा एकसारखा ठोका ऐकू येतो ना, तोच हा. चिमणीहून जेमतेम मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका.

म्हणून हे पत्र घाईने लिहितेय. ते झाड आत्ता पाडू नका.

तांबट घरटं बांधत नाही, कोरतो, आणि त्याला मऊ पडलेलं, वाळकं लाकूडच लागतं. जिवंत, टणक फांदी त्याच्या चोचीला दाद देत नाही. आपण घरट्यासाठी कितीही छान पेटी टांगली तरी तो तिच्याकडे वळायचा नाही. शिवाय त्याने सोडलेली ढोली रिकामी राहत नाही. दयाळ, साळुंकी यांना स्वतः लाकूड कोरता येत नाही, त्या आयत्या पोकळ्या शोधत हिंडतात. गावात आता जुनी, पोकळ झाडं उरलीत किती? वाळलं की तोडायचं, हीच सगळ्यांची सवय.

तुमची काळजी मला कळते. गोठ्याकडे झुकलेल्या लांब फांद्या धोक्याच्या आहेत. पिल्लं उडून गेली की त्या उतरवू. खोड आणि ती जाड फांदी मात्र राहू द्या.

चिमण्यांसाठी आणि दयाळासाठी पेट्या मी येताना घेऊन येते. बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही, हे आधीच सांगते. चिमणीच्या पेटीचं तोंड ३२ मिलिमीटरचं पुरतं, साळुंकीला त्यातून आत जाता येत नाही. दयाळाला निदान पाच सेंटिमीटर हवं. पेटी आतून रंगवायची नाही, खरखरीतच ठेवायची, पिल्लांना चढून तोंडापर्यंत यायला तेवढाच आधार. तळाला पाणी निथळायला बारीक भोकं. आणि बाहेर बसायला दांडी अजिबात नको. दिसायला गोड दिसते, पण तिचा उपयोग कावळ्याला आणि मांजरालाच जास्त. चिमण्या शेजारी-शेजारी नांदतात, त्यांच्या दोन-तीन पेट्या वळचणीखाली ओळीने चालतील. दयाळ हद्दीचा फार कडक, त्याची एकच, लांब, सकाळच्या उन्हाच्या बाजूला. पावसाचा मारा येतो त्या दिशेला तोंड करायचं नाही.

आई, खिडकीच्या काचेवर रोज चोच मारणाऱ्या बुलबुलाला भूक लागलेली नाही गं. काचेत त्याला दुसरा नर दिसतो आणि तो त्याला हाकलत बसतो. दमून जाईल बिचारा. विणीचे दिवस सरेपर्यंत काचेवर बाहेरून जुनं कापड लाव.

पाण्याचं पसरट भांडं उथळच ठेवा, मध्ये एक दगड, आणि रोज घासून पाणी बदला. भाजीवर औषध मात्र मारू नका या दिवसांत. चिमणी एरवी दाणे टिपते, पण पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. अळ्या संपल्या तर घरट्यातली पिल्लं वाचत नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. मी तिसरीत असताना मागच्या लिंबावर शिंपी पक्ष्याने दोन पानं शिवून खोपा केला होता. टाके कसे घातलेत ते पाहायला मी रोज पानं उघडायचे. चौथ्या दिवशी एक टाका उसवला. त्यानंतर जोडी परत आली नाही, अंडी तशीच राहिली. ते मला अजून आठवतं. म्हणून सांगते, घरट्यात डोकावायचं नाही, मोबाइल आत धरून फोटो काढायचा नाही. खाली पडलेलं पिल्लू मात्र उचलून जवळच्या फांदीवर ठेवलंत तर चालेल. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकत नाहीत.

विहिरीवरच्या बाभळीला पावसाळ्यात सुगरणी येतील, त्यासाठी कडेचं उंच गवत कापू नका. त्याच पात्यांच्या चिरफाळ्या काढून ते विणतात. 'ते' म्हणते, कारण नाव बाईचं असलं तरी विणणारा नर. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला पाहून नोंदवलं की नर अर्धा खोपा विणून मादीला दाखवतो, तिला पटला तरच पुरा करतो, आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा सुरू करतो. बाभळीला लटकणारे अर्धवट खोपे वाऱ्याने मोडलेले नसतात, ते नापसंत झालेले असतात. लहानपणी आपण ते गोळा करायचो, तेव्हा हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आई, तुझं अक्षर अजून सुरेख आहे. ओसरीवर बसून एका वहीत तारीख घालून लिहीत जा. एक तांबट आत जातो आणि दुसरा लगेच बाहेर पडतो, असं दिसू लागलं की अंडी उबवणं चालू आहे, दोघंही पाळीने बसतात. चोचीत पिकलेलं फळ घेऊन आत शिरताना दिसला की पिल्लं अंड्यातून बाहेर आली. तो दिवस मला त्याच दिवशी फोन करून सांग, कितीही वाजले असले तरी. बाबा, तुम्ही वेळ घाला, तुमचं घड्याळ बरोबर असतं.

तुमची,
धाकटी